खडूचा चौकोन

शेवटचं गाठोडं छातीशी धरून माई जिना उतरत होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा गाठोड्याखाली, आणि गाठोड्यातून बाहेर डोकावणारं बॅगेचं चाक दर पायरीला त्यांच्या हनुवटीवर आपटत होतं. खालच्या सलूनवाल्याने त्यांना येताना पाहिलं आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा वरच्या वर धरला.

"माई, आणखी? मी आता गिऱ्हाईक बसवू कुठे?"

"थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे. साहेब येऊन गेला की सगळं वर नेते."

"कोण साहेब?"

"बँकेचा. सुनेला कर्ज द्यायचं की नाही ते बघायला येतोय."

"मग सुनेचं सामान माझ्याकडे कशाला?"

"त्यासाठीच तर! तुला नाही कळायचं. तू आपली दाढी कर."

सलूनमधली एक खुर्ची कॅनव्हासच्या जाड गुंडाळीने आधीच अडवली होती. कापलेले केस उडून चिकटायला नकोत म्हणून माईंनी तिच्या गळ्याशी सलूनमधलंच पांढरं कापड बांधलं होतं. अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशातून त्या शेजारणीकडे बघत होतं. माईंनी गाठोडं खुर्चीखाली सरकवलं, कमरेवर हात ठेवून एक लांब श्वास घेतला आणि त्या पुन्हा वर निघाल्या.

घर आता कसं घरासारखं दिसत होतं. गेली सहा वर्षं पुढच्या खोलीत बॅगांशिवाय काही दिसलं नव्हतं. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, चाक गेलेल्या, चेन तुटलेल्या, पट्टा उसवलेल्या. एकदा शेजारणीची फाटलेली बॅग सुनेने घरच्या मशीनवर शिवून दिली, तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दुरुस्तीच्या बॅगा आल्या, मग ती स्वतःच नव्या पिशव्या शिवायला लागली, आणि हळूहळू गल्लीने तिचं नावच बॅगवाली पाडलं. माईंना घरात कागदाचा कपटा पडलेला चालत नसे, आणि त्यांच्या नशिबी आला तो हा दोऱ्यांचा नि चिंध्यांचा संसार.

आज मात्र सून सकाळीच बाहेर पडली होती. खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडून तिला ऑर्डरचं पत्र आणायचं होतं. ती जिना उतरली तशा माईंनी पदर खोचला. दुरुस्तीच्या बॅगा समोरच्या मास्तरांकडे गेल्या. तयार पिशव्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टरकडे. सिस्टर ड्यूटीवर होती, पण किल्ली माईंकडेच असायची. येताना त्यांनी तिच्याकडची प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी आणली. शिवणाचं मशीन काही उचलेना, तेव्हा त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला आणि मधोमध फुलदाणी ठेवली. बघणाऱ्याला वाटावं, शोभेचं टेबलच आहे.

शेवटी राहिला होता तो खडूचा चौकोन.

हा चौकोन म्हणजे नवं मशीन. जाड कापड शिवणारं, कारखान्यात असतं तसलं. दुकानात जाऊन सुनेने टेपने त्याचं माप घेतलं होतं आणि घरी येऊन मोरीच्या बाजूच्या भिंतीलगत फरशीवर खडूने आखून ठेवलं होतं. पुसट झालं की ती पुन्हा गिरवायची. माईंचा मुलगा ट्रक चालवायचा. दोन खेपांच्या मधे घरी आला की दमून बॅग कुठेही टाकायचा. मागच्या खेपेला त्याने ती नेमकी चौकोनात टाकली, तर सून स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मशीनवर बॅग नका ठेवू!" तेव्हापासून घरातलं कोणीच त्या चौकोनात पाय टाकत नसे. माई कुरकुरत, पण वळसा घालूनच जात.

आज त्यांनी ब्रशने घासून तो पुसला. पुसताना क्षणभर हात अडला, पण फरशीवर रेघोट्या असलेलं घर साहेबाला दाखवायचं म्हणजे काय?

माईंचं गणित साधं होतं आणि ते त्या उगाच शिकल्या नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. तो कर्ज मागायला गेला तो कामावरून तसाच, हाताला ग्रीस, शर्टाची कॉलर फाटलेली. कारकुनाने त्याला बाकावरसुद्धा बसू दिलं नाही. बाक खराब होईल म्हणाला. उद्या इस्त्रीचा शर्ट घालून जा, असं माईंनी किती सांगितलं, पण तो पुन्हा त्या दाराची पायरी चढला नाही. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात चाकं सरळ करत राहिला. माईंनी त्या दिवशीच खूणगाठ बांधली होती. ज्याला गरज आहे त्याला कोणी देत नाही. ज्याच्याकडे आहे त्यालाच देतात. तेव्हा आपल्याकडे आहे असं दिसलं पाहिजे.

आणि सुनेच्या बाबतीत तरी काय वेगळं झालं होतं? पहिल्या बँकेने विचारलं, तारण काय ठेवता? घर भाड्याचं. दुसऱ्या बँकेने धंद्याची मागच्या वर्षांची कागदपत्रं मागितली. ज्या धंद्याची सुरुवात शेजारणीच्या फाटक्या बॅगेपासून झाली त्याची कागदपत्रं असणार कुठून? ही तिसरी बँक. माणूस पाठवतो म्हणाली, हेच खूप. दुकानदाराला महिन्याभरात खेळाडूंच्या बॅगा हव्या होत्या, चांगल्या शंभरावर. एवढ्या जाड कॅनव्हासपुढे घरच्या मशीनची सुई कडाकड मोडायची. नवं मशीन आलं तर ऑर्डर सुनेची, नाहीतर दुसऱ्या कोणाची. रात्री दिवा मालवल्यावर सून या कुशीवरून त्या कुशीवर होते, हे माईंना आतल्या खोलीतून ऐकू यायचं.

त्या खिडकीपाशी आपल्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या. घरातला सगळा उजेड त्या एका खिडकीतून यायचा आणि तो सगळा माईंचा होता. नवरा गेल्यावर त्यांनी खुर्ची तिथे ओढून घेतली होती. खाली गल्ली, समोर मास्तरांची गॅलरी, कोण आलं, कोण गेलं, दिवस कसा निघून जाई. सून मागच्या भिंतीशी बसून भरदुपारी दिवा लावून शिवत असे. तिने खिडकी कधी मागितली नव्हती. कोणी मागितलंच नाही तर देणार काय, असं माई स्वतःला सांगत. मागितली असती तर दिली असती का, हा प्रश्न त्या स्वतःला विचारत नसत.

दारावर टकटक झाली. साहेब वेळेच्या आधीच आला होता.

वयाने चाळिशीतला, जिना चढून धापा टाकणारा गृहस्थ. खांद्यावर कातडी बॅग. माईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने अर्धा ग्लास पिऊन तो फुलदाणीशेजारी ठेवला आणि सभोवार नजर फिरवली.

"घर छान ठेवलंय."

माईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आमच्याकडे पसारा मुळीच खपत नाही."

"बॅगांचं काम इथेच चालतं ना?"

"काम म्हणजे काय, थोडंफार. हौस आहे तिला. वेळ जातो."

साहेबाने कागद काढला. "कच्चा माल, तयार माल कुठे ठेवता?"

"तसलं काही नसतं हो आमच्याकडे. मुलगा चांगला कमावता आहे. कशाची ददात नाही."

"मग कर्ज कशाला हवंय?"

या प्रश्नाचं उत्तर माईंनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. त्या पदर सारखा करून म्हणाल्या, "हवंय असं नाही. दिलंत तर घेऊ."

साहेब लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता. एवढं लिहितोय म्हणजे काम फत्ते, असं समजून माईंनी बिस्किटांचा डबा उघडला.

तेवढ्यात सून आली. हातात दुकानदाराचं पत्र, कपाळावर घाम. दारातच तिचे पाय थबकले. तिने भिंतींकडे पाहिलं, फुलदाणीकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तरीही ती आत आली, आणि आत येताना भिंतीलगतच्या रिकाम्या जागेला वळसा घालून आली. तिथे आता काहीच नव्हतं, पण पायांची सवय गेली नव्हती.

"आई, सामान कुठाय?"

"ठेवलंय."

"कुठे?"

"सगळीकडे," माई म्हणाल्या. आवाज थोडा खाली गेला होता.

सुनेने साहेबापुढे पत्र धरलं. त्याने ते वाचलं, घडी घालून परत दिलं. माणूस वाईट नव्हता. नाही म्हणताना त्यालाच अवघडल्यासारखं होत होतं.

"ताई, आमची बँक तारण मागत नाही, कागदही फार मागत नाही. आम्ही फक्त धंदा बघतो. चालू आहे असं दिसलं, तर पुढे पाठवतो. जे दिसतं तेच मला लिहावं लागतं. आणि इथे..." त्याने पुन्हा एकदा खोलीकडे पाहिलं. "इथे फुलदाणी आहे."

माईंच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. सुनेने एका शब्दाने सासूला दोष दिला असता तर माईंना बरं वाटलं असतं. भांडायला तरी आलं असतं. ती फक्त पत्राची घडी आणखी बारीक करत उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. माईंनी तर भांडं घासूनपुसून शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवलं होतं.

"साहेब, लिहू नका," त्या एकदम म्हणाल्या. "खोडा ते. मी खोटं बोलले."

"म्हणजे?"

"काम आहे. ढीगभर आहे. पाय ठेवायला जागा नसते. मी सगळं लपवलंय."

"लपवलंय? कशासाठी?"

"तुम्ही नाही म्हणू नये म्हणून."

साहेबाने पेन खाली ठेवलं. त्याला हसावं की रागवावं ते कळेना. तो काही बोलणार इतक्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दारोदार वस्तू विकणारा एक विक्रेता दारात उभा राहिला.

"ताई, माझी नमुन्यांची बॅग झाली ना? माझी बस आहे हो, अगदी आत्ता!"

"कालच झाली," सून म्हणाली आणि सवयीने कोपऱ्याकडे वळली. कोपरा लख्ख मोकळा होता. तिने माईंकडे पाहिलं.

"मास्तरांकडे," माई म्हणाल्या, आणि जिना उतरताना दुखणारी कंबर त्यांना आठवलीसुद्धा नाही.

मास्तरांचं दार आतून बंद होतं. दुपारी झोपताना ते कानातलं यंत्र काढून ठेवत आणि मग छतावर ढोल वाजवला तरी त्यांना पत्ता लागत नसे. माईंनी कडी वाजवली. सुनेने दार ठोठावलं. विक्रेत्याने "मास्तर, मास्तर" करत गल्ली डोक्यावर घेतली. शेवटी मागे उभा असलेला बँकेचा साहेब पुढे आला, म्हणाला, "सरका जरा," आणि त्याने तळहाताने दारावर असे दणके दिले की वरच्या मजल्यावरची भांडी किणकिणली.

दार उघडलं. मास्तर डोळे चोळत उभे होते, आणि त्यांच्या मागे खाटेवर, खाटेखाली, पुस्तकांच्या कपाटावर बॅगाच बॅगा. झोपायला जागा उरली नव्हती म्हणून बिचारे दोन दप्तरं उशाला घेऊन जमिनीवर पडले होते.

"निळी, चाकांची! ती नाही, तिच्याखालची," माई म्हणाल्या. "ही दप्तरं आधी काढा, ती उद्या द्यायचीत. आणि ती लाल जपून, तिचा पट्टा अजून नुसता टाचलाय."

विक्रेत्याने आपली निळी बॅग ओढून काढली, चेन एकदा पुढे, एकदा मागे केली. चेन लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. "हात आहे की काय आहे!" असं म्हणत तो जिन्यावरून दिसेनासा झाला. एवढी बॅग निघाली म्हटल्यावर बाकीच्या ठेवून काय करायचं? सुनेने दोन उचलल्या, माईंनी एक, मास्तरांनी उशाची दप्तरं. साहेब रिकाम्या हाताने उभा होता, तेव्हा माईंनी त्याच्याही हातात दोन दिल्या. खालून सलूनवाला कॅनव्हासची गुंडाळी खांद्यावर घेऊन आला. गुंडाळीच्या गळ्याला पांढरं कापड तसंच होतं. त्याच्यामागे गाठोडं घेऊन ते गिऱ्हाईक, एका गालावर फेस सुकलेला. कोणी बोलावलं नव्हतं, पण वर एवढी धांदल चाललेली असताना खुर्चीत बसवतंय कोणाला?

पाहता पाहता पुढची खोली भरली. पट्टे, बक्कलं, चेनची भेंडोळी, कातरलेले तुकडे. सहा वर्षं ज्या पसाऱ्याच्या नावाने माईंनी बोटं मोडली, तो पसारा त्या आज स्वतःच्या हाताने लावत होत्या, आणि कुठलं काय कुठे असतं ते त्यांना सुनेला एकदाही विचारावं लागलं नाही.

सुनेने टेबलक्लॉथ ओढला. साहेबाने ग्लास जेमतेम वाचवला.

"म्हणजे इतका वेळ मी मशीनवर पाणी ठेवलं होतं?"

"शोभेचं टेबल समजलात ना?" माई म्हणाल्या. एवढ्या गडबडीतही त्यांना थोडा अभिमान वाटला.

सुनेने कॅनव्हासची चौपदरी घडी घातली आणि मशीन चालवलं. चार टाके नीट पडले, पाचव्याला टक् करून सुई मोडली. तिने मोडका तुकडा उचलून एका पत्र्याच्या डबीत टाकला. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून ती मोडक्या सुया त्यात साठवत असे. साहेबाने डबी हातात घेऊन हलवली. डबी खुळखुळली नाही. तिच्यात हलायलाच जागा नव्हती.

"या सगळ्या एवढ्यातच?"

"दुकानदाराचे नमुने शिवताना," सून म्हणाली. "घरचं मशीन आहे हो. त्याची काही चूक नाही."

साहेबाने मोबाइल काढून फोटो घेतले. मशीनचा, कॅनव्हासचा, बॅगांच्या ढिगाचा. माई फोटोतून बाजूला व्हायला गेल्या, तर तो म्हणाला, "राहू द्या." मग त्याने नवा कागद घेतला.

"काम करणारी माणसं किती?"

"दोन," सून म्हणाली.

माईंनी दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. "दुसरं कोण गं?"

"जुनी चेन कोण उसवतं?"

"ते होय! ते मी आपलं बसल्या बसल्या... हाताला चाळा."

"आणि मी बाहेर असले की गिऱ्हाइकाला बॅग कोण काढून देतं?"

माईंना शब्दात पकडणं सोपं नव्हतं, पण आज सापडल्या. साहेबाने त्यांच्याकडे न बघता लिहिलं: दोन.

"नवं मशीन कुठे ठेवणार?"

सून मोरीच्या बाजूच्या भिंतीकडे गेली. "इथे होतं. म्हणजे, इथे येईल."

साहेबाने तिथे जाऊन वर पाहिलं, भिंतीवर हात फिरवला. "इथे दिवसासुद्धा दिवा लागेल की."

"लागतोच."

"एवढं जाड शिवण, डोळ्यांचं काम. खिडकीपाशी नाही बसणार?"

सुनेने खिडकीकडे पाहिलंही नाही. "तिथे आई बसतात," ती म्हणाली. सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं सांगावं तसं, साध्या आवाजात.

साहेब "बरं" म्हणाला. माई चहा टाकायला आत गेल्या आणि आधण उकळून अर्धं होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

निघताना साहेबाने बॅग खांद्याला लावली, तेव्हा माईंच्या नजरेतून सुटलं नाही. पट्टा तुटला होता आणि त्याला गाठ मारली होती.

"साहेब, ते काय हो? सुताराकडे येऊन मोडक्या खुर्चीत बसायचं?"

तो ओशाळला. मग त्याने कागद काढून काखेत घेतले आणि बॅग ढिगावर ठेवली. "पुढच्या आठवड्यात नेतो. नाहीतरी मला यावंच लागेल."

तो खाली गल्लीत उतरल्यावर सून म्हणाली, "आई, यावंच लागेल म्हणाले. म्हणजे?"

"म्हणजे बॅग न्यायला," माई म्हणाल्या. त्यांना नजर लागायला नको होती.

पुढच्या आठवड्यात साहेब आला तेव्हा सून एका चेनच्या सरकत्या रनरला तेल लावत होती. त्याने आधी बॅग घेतली, खांद्याला अडकवून पट्टा दोनदा ओढून पाहिला, समाधानाने मान हलवली, आणि मग काखेतले कागद पुढे करून म्हणाला, "मंजूर झालंय. इथे सही करा."

सून बॅगांच्या मधे मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने हाताला लागलेल्या कॅनव्हासच्या तुकड्याने पुसलं, नाक लाल करून घेतलं आणि पुन्हा हसली. माई खिडकीत गेल्या आणि त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. सलूनवाल्याने वस्तरा हातात असतानाच शीळ घातली. मास्तरांनी तीनदा विचारलं, काय झालं, आणि माईंनी तिन्ही वेळा न कंटाळता सांगितलं.

मागे वळून बघतात तर सुनेने सही केली होती आणि तिच्या तेलकट बोटाचा काळा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला होता. ती घाबरून पदराने पुसायला गेली.

"असू द्या," साहेब म्हणाला. "कामाचा आहे."

माई त्या ठशाकडे बघत राहिल्या. ग्रीस लागलेले दुसरे दोन हात त्यांना आठवले. कागद बॅगेत गेला, चेन लागली, तरी त्यांची नजर तिथून हलली नाही. साहेब जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला नुसता चहा नाही दिला. बिस्किटांचा अख्खा डबा पुढे केला.

दुपारी सून दुकानदाराला ही बातमी द्यायला गेली. परत आली ती जिना धावतच चढत, दुकानदार काय म्हणाला ते सांगायचं म्हणून. दारात थबकली.

माईंची आरामखुर्ची मोरीच्या बाजूच्या भिंतीला लागली होती. खिडकीखालची जागा मोकळी होती, आणि माई तिथे फरशीवर गुडघे टेकून, खडू हातात घेऊन बसल्या होत्या. मोठा चौकोन आखून झाला होता. माप त्यांनी वितीने घेतलं असावं. एक बाजू सरळ, दुसरी जरा नागमोडी. खिडकीतला उजेड बरोबर त्याच्या मधोमध पडला होता.

सून जवळ गेली. चौकोनाला लागून आणखी एक चौकोन होता. लहानसा, स्टूल मावेल एवढा.

"आई, हा मोठा मशीनचा. हा छोटा कशाला?"

माईंनी कमरेवर हात ठेवून हळूहळू उठत खडू तिच्या हातात दिला.

"साहेबाने दोन माणसं लिहून नेलीत ना? मग दुसरीने काय उभ्याने काम करायचं?"

सून खडू घेऊन खाली बसली आणि नागमोडी रेघ सरळ करायला लागली. माई चहा टाकायला वळल्या. स्वयंपाकघराची वाट खिडकीवरून सरळ होती, पण त्या दोन्ही चौकोनांना वळसा घालून गेल्या.